पॅलेस्टाईनचा मुखत्यार कोण?

वाचकहो, वर्तमानपत्र उघडले की पॅलेस्टाईनचे नाव नजरेस पडते, आणि त्या बातमीत फतह, हमास, पॉप्युलर फ्रंट, इस्लामी जिहाद, पी. एल. ओ. अशी नावांची एक माळच असते. आज एक गृहस्थ पॅलेस्टिनी जनतेच्या वतीने काही जाहीर करतात, उद्या दुसरे गृहस्थ त्याच जनतेच्या वतीने नेमके उलटे सांगतात. तुम्ही म्हणाल, मग या लोकांचा खरा मुखत्यार तरी कोण? कोर्टकचेरीत आपण काय विचारतो? मुखत्यारपत्र दाखवा, आणि त्यावर सही कोणाची आहे ते सांगा. तोच प्रश्न आज आपण गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाला विचारून पाहू. या पक्षोपपक्षांच्या गुंत्यातून वाट काढायला तो बरा उपयोगी पडतो.

सुरुवात जेरुसलेमपासून करू. पहिल्या महायुद्धात तुर्कांची सत्ता गेली आणि इंग्रजांची आली. त्या वेळी शहरात दोन मातब्बर घराणी होती: हुसैनी आणि नशाशिबी. आपल्याकडे गावोगाव पाटलांची आणि देशमुखांची चुरस असे, तशीच ही. इंग्रजांनी तिचा फायदा घेतला नसता तरच नवल. १९२० मध्ये दंगल झाली, तेव्हा त्यांनी मूसा काझिम हुसैनी यांना महापौरपदावरून काढले आणि तेथे राघिब नशाशिबी यांना बसवले. मग हुसैनींना काहीतरी द्यायला हवे, म्हणून पुढच्या वर्षी मुफ्तीची जागा त्या घरातल्या अमीन या तरुणाला दिली. वय अवघे पंचविशीच्या आसपास. त्याच दंगलीबद्दल त्याला गैरहजेरीत दहा वर्षांची शिक्षा झालेली होती. हाय कमिशनर हर्बर्ट सॅम्युअल यांनी ती माफ केली होती.

या नेमणुकीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. रिवाजाप्रमाणे मतदान होऊन पहिल्या तिघांतून एकाची निवड व्हायची. अमीन आले चौथे. मग काय झालं? सर्वांत पुढे असलेले हुसामुद्दीन जारल्ला हे नशाशिबींच्या बाजूचे. त्यांना नाव मागे घ्यायला लावण्यात आले, आणि चौथा आपोआप तिसरा झाला! पुढल्याच वर्षी सर्वोच्च मुस्लिम मंडळ निघाले. वक्फाचा पैसा, धार्मिक न्यायालये, शाळा, मशिदीतल्या नेमणुका हे सारे त्याच्या हाती आणि त्याचे अध्यक्षही हाजी अमीन. तेव्हा पॅलेस्टिनी पुढारीपणाच्या पहिल्या मुखत्यारपत्रावर सही होती ती इंग्रज अधिकाऱ्याची.

हाजी अमीन यांना कर्तृत्व नव्हते असे मात्र नाही. अल्-अक्साच्या दुरुस्तीसाठी त्यांनी जगभरच्या मुसलमानांकडून निधी जमवला. आपले मौलाना मोहंमद अली १९३१ च्या जानेवारीत लंडनला वारले, तेव्हा त्यांचे दफन जेरुसलेमच्या हरमच्या आवारात झाले. त्यामागेही मुफ्तींचाच पुढाकार होता. पण देशात ज्यूंची वसाहत वाढत होती, जमिनी विकल्या जात होत्या, आणि घराण्यांचे भांडण काही मिटत नव्हते. १९३२ ते १९३५ या चार वर्षांत पक्षांचे पीक आले. नशाशिबींचा राष्ट्रीय संरक्षण पक्ष, हुसैनींचा पॅलेस्टाईन अरब पक्ष, खालिदींचा सुधारणा पक्ष. नावे निरनिराळी, पण प्रत्येकाच्या मागे एकेक घर. खऱ्या अर्थाने विचारांवर उभा असा एकच, अवनी अब्दुल हादी यांचा इस्तिक्लाल, आणि तोच लवकर थकला.

सामान्य माणूस मात्र या दिवाणखान्यांत बसलेला नव्हता. हैफाच्या बंदरात आणि रेल्वेत राबणाऱ्या, जमिनीवरून उठवलेल्या कुळांत इज्जुद्दीन अल्-कस्साम नावाचे एक सिरियन शेख प्रवचने करीत. त्यांनी थोडी माणसे जमवून बंदूक उचलली, आणि १९३५ च्या नोव्हेंबरात जेनीनजवळच्या टेकड्यांत ते पोलिसांच्या गोळीने पडले. माणसे मूठभर होती, पण त्या मरणाने देश हलला. पुढच्या एप्रिलमध्ये जो संप झाला तो सहा महिने चालला. मग सर्व पक्षांना एकत्र बसणे भाग पडले आणि मुफ्तींच्या अध्यक्षतेखाली अरब उच्च समिती निघाली.

ही एकी वर्ष-सव्वा वर्ष टिकली. १९३७ च्या उन्हाळ्यात नशाशिबी बाहेर पडले. इंग्रजांनी समितीवर बंदी घातली, काही पुढाऱ्यांना दूर हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर धाडले, आणि मुफ्ती वेषांतर करून लेबनॉनला निसटले. यानंतरच्या दोन वर्षांत बंडवाले आणि त्यांचे विरोधक यांनी एकमेकांची माणसे मारली. अरबाच्या हातून अरब मरू लागला. भाऊबंदकीने राज्ये बुडतात हे आम्हा मराठी माणसांना शिकवायला नको. इथे तर राज्य हाती येण्याआधीच ती सुरू झाली होती. मुफ्ती पुढे बर्लिनला गेले, हिटलरला भेटले, नाझींच्या प्रचारात सामील झाले. त्या संगतीने त्यांच्या लोकांच्या बाजूला जो कलंक लागला तो धुवायला फार वर्षे लागली.

१९४८ साल उजाडले तेव्हा ज्यूंच्या बाजूला कामगार संघटना, सैन्य, करवसुली, निवडून आलेले मंडळ अशी राज्याची सारी अंगे तयार होती. अरबांच्या बाजूला परागंदा झालेला मुफ्ती आणि फुटलेली समिती. त्यांचा सर्वांत लढाऊ सेनानी, मूसा काझिम यांचा मुलगा अब्दुल कादिर हुसैनी, ८ एप्रिलला कस्तलच्या टेकडीवर मारला गेला. वर्ष संपता संपता सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले होते. सप्टेंबरात मुफ्तींनी गाझात 'अखिल पॅलेस्टाईन सरकार' स्थापले, पण त्याच्या हाती ना पैसा होता ना प्रदेश. पश्चिम किनारा जॉर्डनच्या अब्दुल्ला राजाने घेतला, आणि घेतल्याबरोबर नवा मुफ्ती नेमला. कोण, ठाऊक आहे? सत्तावीस वर्षांपूर्वी ज्यांना नाव मागे घ्यायला लावले होते तेच जारल्ला! राघिब नशाशिबी त्याच राजाचे मंत्री झाले. घराण्यांची बाजी संपली, पण पट मात्र दुसऱ्याच्याच मालकीचा राहिला.

आता दुसरी पिढी. ही घराण्यांची नव्हे, तर निर्वासितांच्या छावणीची, कॉलेजांची आणि परदेशातल्या नोकऱ्यांची. बैरुटच्या अमेरिकन विद्यापीठात जॉर्ज हबश नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी होता. तो ख्रिस्ती, राहणारा लिड्डा गावचा. १९४८ च्या जुलैत ते गाव रिकामे करण्यात आले तेव्हा तो तिथेच होता आणि घरच्यांबरोबर रस्त्याला लागला. वाचकहो, आज या गावाला लोद म्हणतात, आणि आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायल लोक तेथे वस्ती करून आहेत. एकाने घर गमावले, दुसऱ्याला घर मिळाले, आणि त्या दुसऱ्याच्या तोंडी मराठी आहे. प्रश्न आपल्यापासून वाटतो तेवढा दूर नाही.

हबशचा विश्वास असा की सारे अरब एक झाल्याखेरीज पॅलेस्टाईन सुटणार नाही. कुवेतमधल्या काही तरुणांचे मत अगदी उलटे होते: आधी पॅलेस्टाईन, मग अरबांची एकी. त्यांत यासर अराफत हे कैरोत शिकलेले इंजिनियर होते. खलील अल्-वझीर रामलाचे आणि सलाह खलफ याफाचे, दोघेही लहानपणी निर्वासित झालेले. या मंडळींनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फतह स्थापन केली. नावाची गंमत पाहा. 'हरकत अल्-तहरीर अल्-फिलस्तिनी' यातली आद्याक्षरे ओळीने घेतली तर होते 'हतफ', म्हणजे मृत्यू. ती उलटी केली की होते 'फतह', म्हणजे विजय. अरब सरकारांच्या कारभारात न पडणे आणि विचारसरणीचा घोळ न घालणे ही त्यांची दोन सूत्रे. फतहमध्ये मशिदीत जाणाराही मावला आणि समाजवादीही मावला. तिच्या वाढीचे रहस्य यात आहे, आणि पुढच्या शैथिल्याचेही.

पॅलेस्टाईन मुक्तिसंघटना, म्हणजे पी. एल. ओ., ही मात्र फतहने काढलेली नव्हे. अरब राजेरजवाड्यांनी आणि अध्यक्षांनी १९६४ च्या कैरो परिषदेत तिचा विचार ठरवला आणि मे महिन्यात जेरुसलेमला तिची स्थापना झाली. पहिले अध्यक्ष अहमद शुकैरी, वकील आणि मुत्सद्दी, सिरिया आणि सौदी अरेबिया यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघात भाषणे केलेले. म्हणजे दुसऱ्या मुखत्यारपत्रावर सही झाली ती नासरची आणि त्यांच्या जोडीदारांची. तरुण लढवय्यांनी धोंड बांधून ठेवायचा हा डाव आहे अशी पुष्कळांची समजूत होती, आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हती.

१९६७ च्या जूनमधल्या सहा दिवसांत अरब सैन्यांचा धुव्वा उडाला आणि ही सही पुसली गेली. शुकैरी डिसेंबरात पायउतार झाले. २१ मार्च १९६८ रोजी इस्रायली सैन्य जॉर्डन नदी ओलांडून करामे गावात घुसले. फतहची माणसे पळाली नाहीत. हिशोबाने पाहिले तर त्यांचे नुकसान फार झाले, आणि इस्रायली रणगाडे अडवले ते मुख्यतः जॉर्डनच्या तोफखान्याने. पण अपमानाने पोळलेल्या अरब जगाला कोणीतरी उभे राहिलेले पाहायचे होते. तरुणांची रीघ लागली. १९६९ च्या फेब्रुवारीत अराफत पी. एल. ओ. चे अध्यक्ष झाले. तिसऱ्या मुखत्यारपत्रावर सही बंदुकीची झाली.

याच सुमारास संघटनांना फाटे फुटू लागले. हबश यांनी १९६७ च्या डिसेंबरात पॉप्युलर फ्रंट काढली. १९६८ मध्ये अहमद जिब्रिल त्यातून फुटले, आणि १९६९ मध्ये नायेफ हवात्मे यांनी डेमोक्रॅटिक फ्रंट वेगळी केली. सिरियाने आपली 'सायका' उभी केली, इराकने आपली 'अरब मुक्ती आघाडी'. पी. एल. ओ. च्या मंडळांत जागांची वाटणी या गटांच्या हिश्शांनुसार होई. लोकांनी निवडून दिलेले कोणी नव्हते. छावण्या पाच-सहा देशांत विखुरलेल्या. मतपेटी ठेवणार तरी कुठे? ही अडचण खरी होती. पण पुढे अडचणीचीच सवय झाली, हेही तितकेच खरे.

परक्या भूमीवर राहून लढणाऱ्याला यजमानाशी भांडण टळत नाही. १९७० च्या सप्टेंबरात पॉप्युलर फ्रंटने विमाने पळवून जॉर्डनच्या वाळवंटात उतरवली, आणि हुसेन राजाने सैन्य सोडून फिदायीनांना चिरडले. पुढच्या वर्षी ते लेबनॉनला हटले. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकात 'काळा सप्टेंबर' गटाने धरलेले अकरा इस्रायली क्रीडापटू आणि त्यांचे मार्गदर्शक मारले गेले. पॅलेस्टाईनचे नाव त्या दिवशी साऱ्या जगात पोचले, पण निरपराध माणसांच्या रक्तात भिजून पोचले.

१९७४ हे वर्ष वळणाचे. जूनमध्ये पी. एल. ओ. ने ठरवले की मुक्त होईल तेवढ्या भागावर आपली सत्ता स्थापावी. सारे किंवा काही नाही, या हट्टाला पडलेली ही पहिली चीर. हबश यांनी रागाने कार्यकारिणी सोडली आणि 'नकार आघाडी' उभारली. जुलैत म्हातारे मुफ्ती बैरुटला वारले. ऑक्टोबरात राबातच्या अरब परिषदेने पी. एल. ओ. ला पॅलेस्टिनी जनतेची एकमेव कायदेशीर प्रतिनिधी मानले, आणि नोव्हेंबरात अराफत संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यासपीठावर उभे राहिले. त्याच वर्षी भारताने पी. एल. ओ. ला मान्यता दिली. अरब जगाबाहेरचे हे पहिले राष्ट्र. १९४७ मध्ये फाळणीविरुद्ध मत देणाऱ्या आपल्या देशाच्या धोरणाशी ते सुसंगतच होते.

बाहेर एवढा गाजावाजा चालला असता आतल्या लोकांचे काय? १९७६ मध्ये इस्रायलने पश्चिम किनाऱ्यावर नगरपालिकांच्या निवडणुका घेतल्या. सौम्य माणसे येतील अशी अटकळ होती, आली पी. एल. ओ. च्या बाजूची. त्यांतले हेब्रॉनचे महापौर हद्दपार झाले. नाब्लुसचे बस्साम शकआ यांचे दोन्ही पाय १९८० मध्ये ज्यू वसाहतवाल्यांनी ठेवलेल्या बाँबने गेले. मतपेटीतून आलेल्या पुढाऱ्यांची ही गत.

१९८२ मध्ये इस्रायलने लेबनॉनवर स्वारी केली आणि अराफत यांना बैरुट सोडून ट्यूनिसला जावे लागले. वर्ष होते न होते तोच सिरियाच्या पाठिंब्याने फतहमध्येच बंड झाले, आणि त्रिपोलीच्या बंदरातून त्यांना दुसऱ्यांदा बाहेर पडावे लागले. एकदा शत्रूने घालवले, एकदा आपल्याच माणसांनी. ट्यूनिसमध्येच १९८८ मध्ये वझीर यांना इस्रायलच्या कमांडोंनी ठार केले, आणि १९९१ मध्ये खलफ यांना फतहमधून फुटलेल्या अबू निदालच्या माणसाने. कुवेतच्या मित्रमंडळातले बिनीचे असे एकटे अराफतच मागे राहिले.

पुढला उठाव ट्यूनिसहून निघालाच नाही. १९८७ च्या डिसेंबरात गाझाच्या छावण्यांत पोरे दगड घेऊन रस्त्यावर आली, आणि इंतिफादा सुरू झाला. त्याच महिन्यात मुस्लिम ब्रदरहूडच्या गाझा शाखेतून हमास जन्माला आली. तिचे मुख्य शेख अहमद यासीन. हे शिक्षक, तारुण्यात झालेल्या अपघाताने पंगू, चाकांच्या खुर्चीत बसलेले. दवाखाने, शाळा, अनाथांना मदत हे काम ब्रदरहूड तेथे बरीच वर्षे करीत होती, आणि इस्रायली अधिकाऱ्यांनी १९७९ मध्ये यासीन यांच्या संस्थेची रीतसर नोंदणीही केली होती. पी. एल. ओ. ला शह बसतो तर बसू दे, असा हिशोब होता. तो अंगाशी आला. इस्लामी जिहाद ही त्याहून लहान आणि जहाल संघटना डॉक्टर फतही शकाकी यांनी आधीच काढली होती. हमासच्या १९८८ च्या सनदेने सारी भूमी वक्फ ठरवली, तिचा तसूभरही भाग सोडणे निषिद्ध मानले. त्या सनदेत ज्यूंबद्दल जे विखारी लिहिले आहे त्याचे समर्थन कोणीही करू नये. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल्जियर्सला पी. एल. ओ. ने स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली आणि फाळणीचे तत्त्व स्वीकारले. म्हणजे एकाच वर्षात दोन मुखत्यार, दोन दिशा.

१३ सप्टेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टनला अराफत आणि रॅबिन यांनी हात मिळवला. पी. एल. ओ. ने इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्क मानला, इस्रायलने पी. एल. ओ. ला प्रतिनिधी मानले. राष्ट्र मात्र मानले नाही, आणि वसाहतींचा, जेरुसलेमचा, निर्वासितांचा प्रश्न पुढे ढकलला. कवी महमूद दरवीश यांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. हबश, हवात्मे, हमास सारेच विरोधात गेले. तरीही १९९६ च्या जानेवारीत प्रथमच पश्चिम किनारा आणि गाझातल्या लोकांनी आपला अध्यक्ष निवडला. अराफत यांच्याविरुद्ध समाजकार्यकर्त्या समिहा खलील उभ्या होत्या. त्या हरल्या, पण मुखत्यारपत्रावर एकदाची लोकांची सही झाली.

त्या सहीची शाई फार दिवस टिकली नाही. हमासचे आत्मघाती बाँब, रॅबिन यांचा एका ज्यू माथेफिरूने केलेला खून, वाढत्या वसाहती, आणि २००० पासून दुसरा, फार रक्तरंजित इंतिफादा. २००४ मध्ये मार्चात यासीन आणि एप्रिलात त्यांच्या मागून आलेले रंतिसी इस्रायलच्या हल्ल्यात मारले गेले. नोव्हेंबरात अराफत पॅरिसजवळच्या रुग्णालयात वारले. २००५ च्या जानेवारीत महमूद अब्बास चार वर्षांसाठी निवडून आले.

आता २००६ ची निवडणूक. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण आकडे बोलके आहेत. कायदेमंडळाच्या जागा १३२. निम्म्या पक्षाच्या याद्यांवर, निम्म्या जिल्हावार. याद्यांत हमासला २९ आणि फतहला २८, म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण जिल्ह्यांत हमास ४५ आणि फतह १७! असं कसं झालं? जिथे हमासने मोजके उमेदवार उभे केले तिथे फतहचे अधिकृत आणि बंडखोर एकमेकांची मते खात बसले. बंडखोर उमेदवार म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. एकूण हमास ७४, फतह ४५. लाचलुचपतीला विटलेल्या लोकांनी फतहला धडा शिकवला, आणि धड्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली. इस्रायलने कराचा पैसा अडवला, पाश्चात्यांनी मदत थांबवली, हमासने इस्रायलला मान्यता देण्याचे नाकारले, आणि फतहला सत्ता सोडवेना. मक्केत २००७ च्या फेब्रुवारीत समेट झाला. जूनमध्ये गाझाच्या रस्त्यांवर दोघांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. गाझा हमासकडे गेले, रामल्ला फतहकडे राहिले.

त्यानंतर समेटाचे कागद किती झाले! २०११ मध्ये कैरो, २०१२ मध्ये दोहा, २०१४ मध्ये गाझाची शाती छावणी, २०१७ मध्ये पुन्हा कैरो, २०२४ मध्ये पेकिंग. पेकिंगच्या कागदावर चौदा गटांनी सह्या केल्या. २०२१ मध्ये निवडणूक खरोखरच जाहीर झाली होती. ३६ याद्या दाखल झाल्या, त्यांत फतहमधूनच फुटलेल्या दोन होत्या. पूर्व जेरुसलेममध्ये इस्रायल मतदान होऊ देत नाही हे कारण देऊन अब्बास यांनी ती पुढे ढकलली. कारण खोटे नव्हते, पण पराभवाची भीतीही खोटी नव्हती.

मग ७ ऑक्टोबर २०२३. हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली, २५१ ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या इस्रायलच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे दोन वर्षांत ६७,००० हून अधिक माणसे मेली. हमासचे इस्माईल हनिया तेहरानमध्ये आणि याह्या सिनवार रफाह येथे, दोघेही २०२४ मध्ये मारले गेले. २०२५ च्या ऑक्टोबरात शस्त्रसंधी झाली. ७ ऑक्टोबरचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी गाझातल्या लोकांना विचारले नव्हते, आणि बाँब टाकणाऱ्यांनीही विचारले नाही.

वाचकहो, २००६ च्या जानेवारीत जो मुलगा सतरा वर्षांचा होता तो २०२५ उजाडताना छत्तिशीत पोचला. त्याला मुले झाली असतील, कदाचित ती त्याने पुरलीही असतील. त्या साऱ्या काळात आपला अध्यक्ष किंवा आपले कायदेमंडळ निवडण्यासाठी त्याला एकदाही मतपेटीसमोर उभे राहता आले नाही. इंग्रजांनी सही केली, अरब राजांनी केली, बंदुकीने केली. ज्याच्या नावाने हे सारे चालले त्याची सही शंभर वर्षांत दोन-तीनदाच घेतली गेली, आणि घेतली तेव्हा ती कोणालाच मानवली नाही. घराण्यांच्या जागी संघटना आल्या, पण दिवाणखान्याच्या बाहेर उभा असलेला माणूस बाहेरच राहिला. पॅलेस्टाईनचा प्रश्न केवळ यामुळे सुटला नाही असे मी म्हणणार नाही. भूमी दुसऱ्याच्या ताब्यात असताना पुढाऱ्यांना तरी किती दोष द्यायचा? पण उद्या जे कोणी त्यांच्या वतीने टेबलाशी बसतील, त्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा लागेल: मुखत्यारपत्र दाखवा, आणि सही कोणाची आहे ते सांगा.